एका ‘प’वरून ठरलेली गोत्रं



आज ज्या भाषांबद्दल बोलायचं आहे, त्या बोलणारं शेवटचं माणूस जाऊन सुमारे दीड हजार वर्षं झाली. गॉलिश, केल्टिबेरियन, लेपाँटिक, गलेशियन. यातली गॉलिश ही गॉल लोकांची, म्हणजे ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा वाचलेल्यांच्या ओळखीची. या भाषांमध्ये एकही पोथी उरलेली नाही. उरलंय ते नाण्यांवर, कुंभाराच्या हिशेबात, शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेल्या शापांत आणि काशाच्या काही पत्र्यांवर. तेवढ्यावरून विद्वान शंभर-सव्वाशे वर्षं भांडताहेत की यातली कोणती कोणाची सख्खी बहीण आणि कोणती चुलत.

मेलेल्यांची गोत्रं जुळवून करायचंय काय, असं तुम्ही म्हणाल. मला यात रस आहे तो एका नियमामुळे. दोन भाषांत सारखे शब्द दिसले की आपण लगेच ‘नातं सापडलं’ म्हणतो. नातं असं ठरत नाही. ते कसं ठरतं आणि कुठे फसतं, हे या मेलेल्या भाषांत फार स्वच्छ दिसतं, कारण इथे पुरावा इतका थोडा आहे की एकेका अक्षरावर सगळं तोललेलं आहे.

आधी नावाचा गोंधळ. ग्रीकांनी आणि रोमनांनी युरोपच्या मुख्य भूमीवरच्या काही लोकांना ‘केल्टोई’, ‘केल्टी’ म्हटलं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या लोकांना मात्र त्यांनी कधी केल्ट म्हटलेलं नाही. आज आपण आयरिश आणि वेल्श माणसांना बेधडक केल्ट म्हणतो, ते १७०७ सालच्या एका ग्रंथामुळे. एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानाने आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या आणि त्या जुन्या गॉलिशच्या नात्यातल्या आहेत असं सांगितलं. म्हणजे ज्या ‘केल्टिक’पणाचा आज एवढा अभिमान, त्याची गाणी, त्याचे उत्सव, तो मुळात भाषेच्या अभ्यासकांनी काढलेला गट आहे. म्हणून तो गट नेमका कशाने बनतो हा प्रश्न अगदीच कोरडा नाही.

या कथेत कलकत्ताही आहे. १७८६च्या फेब्रुवारीत एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, असं सांगितलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच भाषणात त्याने केल्टिकचंही नाव घेतलं होतं, पण जरा हात राखून. केल्टिकमध्ये दुसरंच काही मिसळलं आहे, असं त्याला वाटत होतं. जोन्स स्वतः वेल्श घराण्यातला. पुढे १८३१मध्ये प्रिचर्डने आणि १८३८मध्ये फ्रान्झ बॉपने केल्टिक भाषा याच कुळातल्या असल्याचं मांडलं, आणि १८५३मध्ये झॉइसच्या व्याकरणाने पाया पक्का केला. ग्रीकची आणि संस्कृतची नाळ जुळते हे लगेच दिसलं, मग केल्टिकला इतका वेळ का लागला?

एक मोठं कारण म्हणजे ‘प’. या कुळाच्या मूळ भाषेत जिथे ‘प’ होता, तिथे केल्टिकमध्ये तो बहुतेक ठिकाणी साफ गळून गेला. आपला ‘पिता’, लॅटिनचा ‘पातेर’. जुन्या आयरिशमध्ये ‘अथिर’. आपलं ‘पूर्ण’, आयरिशमध्ये ‘लान’. डोकंच उडवल्यावर ओळख पटणार कशी? आयर्लंडच्या ‘एरिउ’ या जुन्या नावाचा उगमही असाच लावतात. आरंभी ‘प’ धरला, की ते संस्कृत ‘पीवरी’च्या शेजारी जाऊन बसतं. पीवर म्हणजे पुष्ट, भरलेलं. सुपीक भूमीला शोभेलसं नाव.

सीझरशी लढलेला आणि इ.स.पू. ५२मध्ये अलेसियाला शरण आलेला गॉलांचा सेनानी वर्सिंगेटोरिक्स. त्याच्या नावाची फोड करा: ‘वेर’ म्हणजे वर, ‘किंगेतो’ म्हणजे योद्धा, ‘रिक्स’ म्हणजे राजा. योद्ध्यांच्या वरचा राजा. यातला ‘रिक्स’ आपल्या राजाचा नातलग आहे, आणि ‘वेर’ हा मराठी ‘वर’चा. दोन्ही मूळच्या एकाच शब्दातून आले, जो संस्कृतात ‘उपरि’ झाला. पण जरा थांबा. दोन्हींतला ‘प’ गेला, तो एकमेकांना विचारून गेला नाही. गॉलिशमध्ये तो वेगळ्या वाटेने गळला, आणि आपल्याकडे ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ होऊन मग ‘वर’ झालं. दोन टोकांना दोन भाषा, मूळ एक आणि शेवटही जवळपास एक, पण मधला प्रवास स्वतंत्र. हे उदाहरण खिशात ठेवा. त्याच्यावरच पुढचं भांडण आहे.

तर ‘प’ गळणं ही केल्टिक कुळाची खूण ठरली, आणि चांगली कडक खूण. पोर्तुगालमध्ये कॅबेसो दास फ्रागुअस नावाच्या टेकडीवर खडकात कोरलेला एक लेख आहे, रोमन लिपीत पण लॅटिन नसलेल्या भाषेत. मेंढी, डुक्कर, बैल अशा बळींची ती नोंद आहे. या भाषेला लुसिटेनियन म्हणतात. आजूबाजूला केल्टिक नावं भरपूर, देवदेवता केल्टिक वाटाव्यात अशा. पण त्या लेखात डुकराला ‘पोर्कोम’ म्हटलंय. लॅटिनमध्ये ‘पोर्कुस’, आणि आयरिशमध्ये, ‘प’ गळल्यामुळे, ‘ओर्क’. ‘पोर्कोम’ म्हणणारी भाषा केल्टिक कशी असेल? बहुतेक अभ्यासकांनी याच एका अक्षरावर लुसिटेनियनला कुळाबाहेर बसवलं. काहींना हे मान्य नाही. ते म्हणतात की ‘प’ गळण्याआधी वेगळी झालेली केल्टिक का मानू नये? माझं म्हणणं असं की मग ‘केल्टिक’ या शब्दाला कुंपणच उरत नाही.

कुंपणाच्या आतली भांडणं खरी गमतीची आहेत. ‘प’ घालवून बसलेल्या या घराण्यात अर्ध्या लोकांनी नवा ‘प’ आणला. मूळ भाषेत एक ध्वनी होता: ‘क’ म्हणतानाच ओठ गोल करायचे, म्हणजे साधारण ‘क्व’. आपल्या प्रश्नार्थक शब्दांतला ‘क’ तिथूनच आला: कोण, कुठे, कधी. लॅटिनमध्ये ‘क्विस’ म्हणजे कोण. आयरिशने ‘क’ ठेवला, तिथे कोण म्हणजे ‘के’. वेल्शने मात्र जीभ सोडली आणि ओठ धरले: ‘पुइ’. चार हा आयरिशमध्ये ‘केथिर’, वेल्शमध्ये ‘पेद्वार’. पाच हा ‘कूइग’ आणि ‘पिम्प’. मुलगा हा ‘मॅक’ आणि ‘मॅब’. मॅकडोनाल्ड, मॅकग्रेगर यांतला हाच ‘मॅक’. आणि वेल्श ‘मॅब’चा ‘ॲप’ होऊन तो आडनावांत इतका मुरला की दिसतही नाही: ॲप रीसचा झाला प्राइस, ॲप हावेलचा पॉवेल. मघाचे ते प्रिचर्ड, केल्टिकचं पूर्वेशी नातं सांगणारे, ते स्वतःच ॲप रिचर्ड.

ऑक्सफर्डला १८७७मध्ये केल्टिकचे पहिले प्राध्यापक झालेल्या जॉन रीस यांनी या फरकावरून घराण्याचे दोन भाग केले: ‘प’वाले आणि ‘क’वाले. मेलेल्या भाषांनाही तीच फूटपट्टी लावली गेली. दक्षिण फ्रान्समध्ये ला ग्रोफसेंक इथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुंभारांची मोठी वसाहत होती. एका भट्टीत अनेकांची भांडी एकदम भाजायची, म्हणून कोणाची किती हे ताटल्यांवर खरडून ठेवायचे. त्या हिशेबांमुळे गॉलिशचे क्रमवाचक आकडे हाती लागले. तिसरा ‘त्रितोस’, चौथा ‘पेतुआरिओस’, पाचवा ‘पिंपेतोस’, आठवा ‘ओख्तुमेतोस’, दहावा ‘देकामेतोस’. तृतीय, अष्टम, दशम हे कानावर येतंच. पण वर्गीकरण करणाऱ्याची नजर ‘पेतुआरिओस’ आणि ‘पिंपेतोस’वर. गॉलिश ‘प’वाली. स्पेनमधली केल्टिबेरियन मात्र ‘आणि’ला शेवटी ‘कुए’ लावते, संस्कृतच्या ‘च’सारखं. म्हणजे ‘क’वाली. झालं की झाड तयार! एका फांदीवर आयरिश आणि केल्टिबेरियन, दुसरीवर वेल्श आणि गॉलिश.

पुष्कळ पुस्तकांत हे झाड अजून छापलं जातं. ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं हे समजणं महत्त्वाचं आहे.

आजीची दोन पितळी घंगाळं तीन नातवंडांत वाटली गेली समजा. दोघांनी आपापलं जपलं, तिसऱ्याने भंगारात विकलेल्या जुन्या भांड्यांत आपला वाटा पाहिला. म्हणून घंगाळ जपणारी दोघं एकमेकांची सख्खी भावंडं ठरतील का? जपून ठेवणं ही नात्याची खूण नाही. मूळची वस्तू कोणाहीकडे राहू शकते. परीक्षेच्या खोलीत दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर कोणी काही म्हणत नाही. दोघांची चूक तीच आली, की पर्यवेक्षक उठून येतो. भाषाशास्त्रात नातं ठरतं ते अशा सामायिक बदलांवरून. आयरिश आणि केल्टिबेरियन यांनी ‘क’ राखला, एवढ्यावरून त्यांची जोडी लागत नाही. ‘क’वाले हा गटच नाही, ती फक्त न बदललेल्यांची गर्दी आहे.

मग ‘प’वाले तरी गट आहेत का? ‘प’ हा खराखुरा बदल आहे. सामायिक चूक आहे. इथे मी तुम्हाला पाढे म्हणायला लावणार आहे. बे एके बे, बे दुणे चार. हा ‘बे’ कुठून आला? संस्कृत ‘द्वे’मधून. प्राकृतात ‘द्व’चा ‘ब’ झाला. म्हणून द्वादशचे बारा, द्वाविंशतीचे बावीस. आता लॅटिन बघा. दोनदा म्हणजे ‘बिस’, आणि तो आला जुन्या ‘द्विस’मधून. तिथेही ‘द्व’चा ‘ब’! म्हणून कोणी मराठी आणि लॅटिनची वेगळी शाखा काढत नाही. ओठांनी जिभेवर मात करावी हा बदल सोपा आहे, तो कुठेही, कितीदाही होऊ शकतो. ‘क्व’चा ‘प’ हाही त्याच जातीचा. इटलीत लॅटिनच्या शेजारी बोलल्या जाणाऱ्या ओस्कन भाषेत ‘क्विस’चं ‘पिस’ झालं. ग्रीकांनीही पुष्कळ ठिकाणी तेच केलं. वेल्श आणि गॉलिश यांनी तो बदल एकत्र बसून केला की वेगवेगळा, हे नुसत्या ‘प’कडे बघून कळत नाही.

शिवाय ही भिंत गळकीही आहे. १८९७ साली फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे काशाच्या पत्र्याचे दीडशेच्या आसपास तुकडे सापडले. जोडल्यावर निघालं पाच वर्षांचं गॉलिश पंचांग. गॉलिशमध्ये घोडा ‘एपोस’, त्यांची घोड्यांची देवी ‘एपोना’. आणि या पंचांगात एका महिन्याचं नाव ‘एक्वोस’. चक्क ‘क’! तो जुना धार्मिक शब्द तसाच गोठून राहिला, की त्याचा घोड्याशी संबंधच नाही, यावर एकमत नाही. पॅरिसच्या सेन नदीचं जुनं नाव ‘सेक्वाना’, तेही तसंच.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. त्या पाच वर्षांत महिने आहेत ६२: साठ नेहमीचे आणि दोन जास्तीचे. महिन्याचे दोन भाग, मधोमध एका शब्दाची खूण, जवळजवळ आपले पक्षच. आणि आपल्या वेदांग ज्योतिषातलं युग? तेही पाच वर्षांचं, ६२ चांद्रमासांचं, त्यातले दोन अधिक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही खुर्चीतून उठलो होतो. पण चंद्र दोन्हीकडे एकच आहे. चांद्रमास आणि ऋतू यांचा मेळ घालायला बसलेला कोणीही माणूस अडीच वर्षांनी एक महिना घालण्यापाशी येऊन पोचतो. काहींना यात जुना सामायिक वारसा दिसतो. माझ्या मते भाषेच्या नात्याला याचा उपयोग शून्य. त्या पंचांगातलं ‘गियामोनिओस’ हे महिन्याचं नाव आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ यांच्या धातूशी जुळतं, ते वेगळं. तिथे ध्वनींचा नियम हातात आहे.

आता स्पेनला चला. सारागोसाजवळ बोतोरिता नावाचं गाव आहे. १९७० साली तिथे काशाचा एक पत्रा निघाला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. लिपी इबेरियन, ज्यात ‘क’ आणि ‘ग’, ‘त’ आणि ‘द’ यांना वेगळी अक्षरंच नाहीत. पण भाषा केल्टिबेरियन. त्याच गावात लॅटिनमधलाही एक पत्रा मिळाला, इ.स.पू. ८७चा, दोन वस्त्यांमधल्या पाण्याच्या पाटाच्या तंट्याचा निवाडा. आणि १९९२मध्ये आणखी एक केल्टिबेरियन पत्रा, त्यावर दोनशेहून जास्त माणसांची नावं.

१९७०च्या पत्र्यावर एका ओळीत ‘नेकुए … लितोम, नेकुए … लितोम’ अशी रचना पुन्हा पुन्हा येते. ‘नेकुए’ म्हणजे ‘न च’. हे करायची मुभा नाही, ते करायची मुभा नाही, असा काहीतरी नियमांचा लेख असावा. शब्दांचा क्रम बघा: ‘मुभा’ वाक्याच्या शेवटी, मराठीत यावी तशी. आणि पुढे एका ओळीत ‘इओमुइ’ येतं आणि त्याच्या जोडीला ‘सोमुइ’. संस्कृतात म्हणायचं तर ‘यस्मै … तस्मै’. आपलं ‘ज्याला … त्याला’! वायव्य युरोपातल्या कुठल्याही जिवंत केल्टिक भाषेत ही जोडी अशी चालत नाही.

वर्गीकरणासाठी हा ‘इओमुइ’ सोन्याच्या मोलाचा. केल्टिबेरियनमध्ये हा ‘जो’ विभक्ती घेतो, चालतो. गॉलिशमध्ये तो मेला. नुसता ‘इओ’ हा तुकडा उरला आणि तो क्रियापदाला चिकटला. अलेसियाच्या, म्हणजे वर्सिंगेटोरिक्स जिथे हरला त्याच जागेच्या, एका शिलालेखात ‘दुगियोंतिइओ’ असं क्रियापद आहे. शेवटचा ‘इओ’ म्हणजे तो आपला ‘जो’, गोठलेला. आणि आयरिश-वेल्शमध्येही याच गोठलेल्या तुकड्याच्या खुणा सापडतात. चालणारं सर्वनाम मोडायचं, त्याचा एकच तुकडा ठेवायचा आणि तो क्रियापदाच्या शेपटीला बांधायचा: हा काही ‘क्व’चा ‘प’ करण्याइतका सहज होणारा बदल नाही. इथे पर्यवेक्षकाने उठून यायलाच हवं. म्हणून आज बहुतेक जण मानतात की केल्टिबेरियन आधी वेगळी झाली, आणि बाकीच्यांनी त्यानंतर काही काळ एकत्र काढला. आयरिशची आणि तिची जुनी जोडी तुटली.

इटलीच्या उत्तरेला, कोमो सरोवराच्या आसपास, इ.स.पू. सहाव्या शतकापासूनचे लेख मिळतात, एट्रुस्कनवरून घेतलेल्या लिपीत. ही लेपाँटिक. केल्टिक भाषेतलं सर्वांत जुनं लिखाण हेच. बराच काळ तिला धड केल्टिक मानतही नव्हते. १९६६मध्ये प्रेस्तिनोला दगडावरचा एक लेख सापडला, त्याचा पहिला शब्द ‘उवमोकोझिस’, एका माणसाचं नाव. त्यातला ‘उवमो’ म्हणजे ‘उपम’, सर्वांत वरचा, ‘प’ गळालेला. पुढे दोन शब्दांना ‘पोस’ हा प्रत्यय, आपल्या ‘देवेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा भाऊ, आणि शेवटी ‘दिलं’ या अर्थाचं क्रियापद. १९७१मध्ये मिशेल लझन या फ्रेंच विद्वानाने लेपाँटिक ही स्वतंत्र केल्टिक भाषा असल्याची मांडणी केली. आता काहींना ती गॉलिशचंच जुनं रूप वाटते. दोन टोकांमध्ये काही शतकांचं अंतर असेल तर ‘बहीण’ आणि ‘आई’ यांत फरक करणं अवघड जातं.

तुर्कस्तानातली गलेशियन मी इथे एका वाक्यात संपवतो: इ.स.पू. २७८च्या सुमारास तिकडे गेलेल्या टोळ्यांची भाषा, नावं आणि सुटे शब्द सोडून काही उरलं नाही, आणि चौथ्या शतकात संत जेरोमला ती जर्मनीतल्या ट्रिअरकडच्या बोलीसारखी वाटली. जॉन कोख यांनी २००९मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या दक्षिणेकडची टार्टेशियनही केल्टिक ठरवली. पण तिथे शब्द कुठे तुटतो हेच पक्कं नसताना शब्दांचे अर्थ लावणं मला पटत नाही, आणि बहुतेक तज्ज्ञांनाही पटलेलं नाही.

गॉलिश, लेपाँटिक, केल्टिबेरियन या सगळ्यांना मिळून ‘खंडीय केल्टिक’ म्हणायची पद्धत आहे. ही शाखा नव्हे, पिशवी आहे. मुंबईत एकेकाळी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळ्यांनाच ‘मद्रासी’ म्हणत, आणि काशीला-ग्वाल्हेरला आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणत, तसलं हे नाव. ते कुठून आले ते सांगतं, कोणाचे कोण ते नाही.

राहिला मोठा वाद: वेल्श कोणाच्या जवळची? गॉलिशच्या, की आयरिशच्या? गॉलिशच्या बाजूने ‘प’ आहे, त्याचं वजन आपण पाहिलं. आयरिशच्या बाजूने जड गोष्टी आहेत: दोन्हीकडे क्रियापद वाक्यात पहिलं येतं, आणि जुन्या रूपांत क्रियापदाच्या आधी काही शब्द आला की त्याचा शेवट बदलतो, नाही आला तर वेगळा राहतो. इतकी विचित्र व्यवस्था दोन ठिकाणी आपोआप उगवली असं मानणं जड जातं. म्हणून माझं मत आयरिशकडे झुकतं. पण समोरच्या बाजूचं उत्तरही ऐकण्याजोगं आहे: शेजारी राहूनही भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो भेद आहे, तो संस्कृतातून आलेला नाही. तो दक्षिणेच्या शेजाराचा गुण मानतात. बेळगाव-सोलापूरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आयरिश समुद्राच्या दोन काठांवरही असं झालं असेल. आणि मग हेही खरं की इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर ‘प’चंही तसंच झालं असेल.

हे सोडवायचं तर गॉलिशची क्रियापदं हवीत, वाक्यं हवीत, आणि ती आकड्यांच्या ताटल्यांत किंवा पंचांगात मिळत नाहीत. ती मिळतात शिव्याशापांत. १९८३मध्ये दक्षिण फ्रान्सच्या लार्झाकमध्ये एका बाईच्या थडग्यात शिशाचा पत्रा सापडला. त्यावर दीडशेहून जास्त गॉलिश शब्द, त्या भाषेतल्या सर्वांत लांब लेखांपैकी एक. काही बायकांवर घातलेला करणीचा लेख आहे तो. त्यांची नावं दिली आहेत, आणि प्रत्येकीपुढे ती कोणाची ‘मातिर’ किंवा कोणाची ‘दुख्तिर’. माता आणि दुहिता. ज्यांच्यावर करणी केली, त्यांची नाती लिहिणाऱ्याने नीट नोंदवून ठेवली आहेत.